पुढच्या रांगेंत कोणीं बसावें?

अमेरिकेंतील कॉलेजांच्या बास्केटबॉलविषयीं आज आपणांशीं चार शब्द बोलावयाचे आहेत; पण ते खेळाविषयीं नव्हेत, खेळ पाहणारांविषयीं. खेळाडूंनीं काय केलें हें वर्तमानपत्रें रोज सांगतात. पाहणारे कोठें बसतात, तेथेंच कां बसतात आणि त्यांच्या बसण्यानें खेळाला कोणतें रूप येतें, याचा विचार मात्र क्वचितच होतो. वरवर पाहतां ही बाब केवळ तिकिटांच्या हिशेबाची वाटेल. परंतु विद्यापीठांतला खेळ कोणासाठीं असतो, या प्रश्नाचें उत्तर तेथील बाकांच्या मांडणींतच लिहिलेलें असतें.

हा खेळ जन्मला तोच मुळीं प्रेक्षकांच्या सान्निध्यांत. १८९१ च्या डिसेंबरांत, मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील स्प्रिंगफील्ड येथें जेम्स नाइस्मिथ या व्यायामशिक्षकानें व्यायामशाळेच्या सज्जाला, जमिनीपासून दहा फूट उंचीवर, पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या आणि विद्यार्थ्यांना त्यांत चेंडू टाकावयास सांगितलें. खेळ लोकप्रिय झाला तशी सज्जांत गर्दी होऊं लागली. टोपली हाताशींच असल्यामुळें सज्जांतील उत्साही मंडळी आपल्या पक्षाचा चेंडू आंत ढकलीत आणि प्रतिपक्षाचा परतवून लावीत! अखेर टोपलीच्या मागें आडोसा उभारावा लागला. आज जिच्यावर आपटून चेंडू जाळ्यांत पडतो, ती फळी मूळची प्रेक्षकांना आवरण्यासाठीं आलेली आहे. १८९३ च्या मार्चांत स्मिथ कॉलेजांतील विद्यार्थिनींच्या दोन वर्गांत सामना झाला. पुरुषांना प्रवेश नव्हता. परंतु पाहणाऱ्या मुली आपापल्या वर्गाचे रंग मिरवीत आल्या होत्या. खेळाला दोन वर्षेंही झालीं नव्हतीं, तोंच त्याचा विद्यार्थी-प्रेक्षकवर्ग तयार झाला होता.

या खेळांत प्रेक्षकांना एवढें महत्त्व कां यावें? क्रिकेटच्या मैदानांत प्रेक्षक आणि फलंदाज यांच्यामध्यें विस्तीर्ण हिरवळ पसरलेली असते; वर मोकळें आकाश असतें; ओरड झाली तरी ती विरून जाते. बास्केटबॉलचें क्रीडांगण लांबीला अवघें ९४ फूट आणि रुंदीला ५० फूट. तें चार भिंतींच्या व छपराच्या आंत असतें, आणि पहिली रांग रेषेपासून कांहीं पावलांवर असते. आवाजाला बाहेर जावयास वाट नसते. तो भिंतींवर आदळून परत येतो. कॅन्सस विद्यापीठांतील ॲलन फील्डहाउस हें याचें ठळक उदाहरण. नाइस्मिथ १८९८ सालीं याच विद्यापीठांत येऊन राहिला. १९५५ सालीं उघडलेल्या या इमारतींत सुमारें सोळा हजार माणसें बसतात. १३ फेब्रुवारी २०१७ रोजीं तेथें १३०·४ डेसिबेल इतका आवाज मोजला गेला आणि बंदिस्त क्रीडागृहांतील गर्जनेचा जागतिक उच्चांक म्हणून त्याची नोंद झाली. तेथील विद्यार्थी जो 'रॉक चॉक जेहॉक' हा घोष करतात, त्याचा उगम १८८६ सालच्या विद्यापीठाच्या विज्ञानमंडळांत आहे. म्हणजे घोष हा खेळापेक्षां वयानें वडील!

या गर्जनेचा परिणाम दोन वाटांनीं होतो. पांच खेळाडू सतत एकमेकांना हांका देऊन आपली हालचाल जुळवीत असतात. हांक ऐकूं आली नाहीं म्हणजे पाहुण्या संघाची घडी विस्कटते. दुसरी वाट पंचांच्या मनांतून जाते. फुटबॉलविषयींच्या एका ब्रिटिश प्रयोगाचे निष्कर्ष २००२ सालीं प्रसिद्ध झाले. त्यांत चाळीस पंचांना एकाच सामन्यांतील प्रसंग चित्रफितीवर दाखविले. कांहींना प्रेक्षकांच्या आवाजासह, कांहींना आवाजाविना. आवाज ऐकणाऱ्या पंचांनीं यजमान संघाचे गुन्हे कमी धरले. पंच लबाड असतो असा याचा अर्थ नव्हे; पंचही माणूसच असतो, एवढाच आहे.

आतां, गर्दी म्हटली म्हणजे ती सगळी सारखीच, असें नाहीं. पैसे भरून आलेला प्रौढ गृहस्थ खेळ 'पाहतो'. तो बसतो, चांगल्या खेळाला टाळ्या देतो आणि शेवटचीं पांच मिनिटें उरलीं म्हणजे मोटारीची गर्दी टाळण्यासाठीं उठतो. विद्यार्थी उभा राहतो. खेळणारा गडी त्याच्या वर्गांतला, त्याच्या भोजनगृहांतला असतो. शेजारचे दोनशे जण त्याच्या ओळखीचे असतात, म्हणून त्यांचा आवाज एका तालांत निघतो. अमेरिकन लोक अशा प्रेक्षकवर्गाला संघाचा 'सहावा गडी' म्हणतात. मात्र हा सहावा गडी कोठें उभा करावयाचा हें प्रशिक्षक ठरवीत नाहीं. तें ठरवितात विद्यापीठाचे चालक. आणि येथेंच पैशाचा प्रश्न उभा राहतो. कारण जी जागा आवाजाला सर्वांत उपयुक्त, तीच बाजारांत सर्वांत महाग.

उत्तर कॅरोलिना संस्थानांत एकमेकांपासून सुमारें दहा मैलांवर दोन विद्यापीठें आहेत: डरम येथें ड्यूक आणि चॅपल हिल येथें नॉर्थ कॅरोलिना. दोघांचें वैर या खेळांत प्रसिद्ध आहे. ड्यूकचें कॅमरन क्रीडागृह १९४० सालचें. त्यांत अवघीं ९,३१४ माणसें मावतात. पण क्रीडांगणाला लागून असलेलीं खालचीं बाकें विद्यार्थ्यांचीं आहेत. मोठमोठे देणगीदार त्यांच्या वरच्या अंगाला बसतात. पदवीच्या विद्यार्थ्यांना पैसा पडत नाहीं. पडते ती तपश्चर्या. १९८६ पासून तेथें एक प्रघात आहे. नॉर्थ कॅरोलिनाशीं सामना यावयाचा असला म्हणजे विद्यार्थी क्रीडागृहासमोरच्या हिरवळीवर तंबू ठोकून कित्येक आठवडे थंडींत राहतात. प्रशिक्षक शशेव्हस्की यांच्या नांवावरून या तंबूंच्या वस्तीला 'शशेव्हस्कीव्हिल' असें नांव पडलें. शशेव्हस्की १९८० ते २०२२ पर्यंत तेथें प्रशिक्षक होते. तंबूंत माणसें खरोखर राहतात कीं नाहीं, याची तपासणी विद्यार्थीच करतात. अभ्यास तेथेंच चालतो. पुढची जागा मिळते ती ज्यानें रात्री काढल्या त्याला, ज्याच्या वडिलांनीं हुंडी लिहिली त्याला नव्हे.

नॉर्थ कॅरोलिनानें दुसरा मार्ग धरला. त्यांचें नवें क्रीडागृह १९८६ च्या जानेवारींत उघडलें. पहिला सामना ड्यूकशींच झाला आणि यजमानांनीं तो जिंकला. एकवीस हजारांहून अधिक माणसांची ही भव्य वास्तु खासगी देणग्यांतून उभी राहिली. ज्यांनीं पैसा दिला त्यांना खालचीं, जवळचीं आसनें मिळालीं. विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळांना वर जावें लागलें. करार सरळ होता. त्यांत अन्याय असा कोणी केला नाहीं. तथापि परिणाम चुकला नाहीं. १९९१ च्या डिसेंबरांत फ्लॉरिडा स्टेटच्या संघानें तेथें येऊन विजय मिळविला, तेव्हां त्या संघाचा खेळाडू सॅम कॅसल म्हणाला कीं, ही मंडळी ड्यूकच्या प्रेक्षकांसारखी नव्हे. ही तर चीज खात द्राक्षासवाचे घुटके घेणारी निवांत मंडळी आहे. हा टोमणा त्या क्रीडागृहाला कायमचा चिकटला. पुढें २००० च्या सुमारास एका टोपलीच्या मागें विद्यार्थ्यांना उभें राहण्यासाठीं पायऱ्या करण्यांत आल्या. एकदां दिलेलीं आसनें परत मागणें कठीण असतें. म्हणून सुधारणा झाली ती अशी कोपऱ्यांतून झाली.

येथें कोणी म्हणेल कीं, इमारत देणगीवांचून कशी उभी राहावी? प्रश्न रास्त आहे. देणगीदाराचा हक्क नाकारण्याचें कारण नाहीं. पण त्यानें जें विकत घेतलें तें आसन होतें, वातावरण नव्हे. ज्या उत्साहासाठीं तो आला, तो उत्साह निर्माण करणाऱ्यांनाच त्याच्या आसनानें दूर लोटलें, तर त्याच्या पदरांत तरी काय पडलें? २०२०-२१ च्या साथीच्या हंगामांत ड्यूकचे घरचे सामने प्रेक्षकांवांचून झाले. त्या वर्षीं १३ विजय आणि ११ पराभव अशी त्यांची स्थिति झाली, आणि १९९५ नंतर प्रथमच राष्ट्रीय स्पर्धेंत त्यांना स्थान मिळालें नाहीं. संघ नवखा होता. सारा दोष रिकाम्या बाकांवर टाकतां येणार नाहीं. तरी त्या शांततेंत खेळणाऱ्यांना काय हरवलें हें कळल्यावांचून राहिलें नसेल.

विद्यार्थ्यांच्या हातीं पुढची रांग देणें म्हणजे त्यांच्या हातीं एक शस्त्र देणें होय, हेंही विसरून चालणार नाहीं. १९८४ च्या जानेवारींत ड्यूकच्या विद्यार्थ्यांनीं मेरीलंडच्या एका खेळाडूच्या खासगी आयुष्यांतील प्रकरण उकरून काढून अश्लील घोषणा केल्या व क्रीडांगणावर वस्तु फेकल्या. विद्यापीठाचे अध्यक्ष टेरी सँफर्ड हे त्या संस्थानचे माजी गव्हर्नर. मनांत आणतें तर त्यांना त्या बाकांवर पोलीस बसवितां आले असते, किंवा बाकेंच काढून घेतां आलीं असतीं. त्यांनीं यांपैकीं कांहींच केलें नाहीं. त्यांनीं विद्यार्थ्यांना एक पत्र लिहिलें, वडीलधाऱ्या काकाच्या भाषेंत, आणि खालीं सहीही 'टेरीकाका' अशीच केली. तुम्ही बुद्धिमान आहां. मग विनोद स्वच्छ ठेवून दाखवा, असा त्याचा रोख होता. पुढचा सामना नॉर्थ कॅरोलिनाशीं झाला. विद्यार्थी डोक्याभोंवतीं चकाकत्या कागदाचीं देवदूतांसारखीं प्रभावळें लावून आले. पंचाचा निर्णय पटला नाहीं तेव्हां शिव्या न देतां त्यांनीं एका सुरांत गर्जना केली कीं, आमचा मतभेद आहे, क्षमा असावी! सामना पाहुण्यांनीं जिंकला. पण ती रात्र विद्यार्थ्यांचीच ठरली.

अंकुश सुटला म्हणजे काय होतें याचींही उदाहरणें ताजीं आहेत. विजयाच्या भरांत क्रीडांगणावर धांवून जाण्याची चाल तेथें रूढ आहे. २०२४ च्या जानेवारींत ओहायो स्टेट येथें अशा लोंढ्यांतील एका व्यक्तीशीं टक्कर होऊन आयोवाची प्रख्यात खेळाडू केटलिन क्लार्क खालीं पडली. पुढच्याच महिन्यांत वेक फॉरेस्ट येथें ड्यूकचा काइल फिलिपॉव्स्की अशाच गर्दींत सांपडून दुखावला गेला. पाहणारानें रेषा ओलांडली कीं तो पाहणारा राहत नाहीं, आणि खेळाडूचा मित्रही राहत नाहीं.

याच्या अगदीं उलट असा एक प्रघात इंडियाना संस्थानांतील टेलर या लहानशा विद्यापीठांत आहे. डिसेंबरांत, सत्रपरीक्षेच्या आधीं, एका सामन्याला सारे विद्यार्थी चित्रविचित्र वेष करून जमतात आणि गप्प बसतात. आपल्या संघाचा दहावा गुण होईपर्यंत कोणी चकार शब्द काढीत नाहीं. चेंडूचा आणि बुटांचा आवाज तेवढा ऐकूं येतो. दहावा गुण झाला कीं छप्पर उडून जाईल असा जल्लोष होतो. ज्यांना एवढें मौन पाळतां येतें, त्यांच्या गर्जनेंत बेशिस्त नसते. ती त्यांनीं आपण होऊन राखलेली आणि योग्य क्षणीं सोडलेली शक्ति असते.

या साऱ्यांतून निघणारें सार एवढेंच. क्रीडागृहाचा आकार, छपराची उंची आणि खर्चाचा आंकडा यांनीं वातावरण घडत नाहीं. जवळ कोणाला बसविलें आणि त्यांच्यावर किती विश्वास टाकला, यानें तें घडतें. पुढची रांग विकली तर तिची किंमत एकदां येते. ती विद्यार्थ्यांना दिली आणि तिच्याबरोबर जबाबदारीही दिली, तर ती किंमत दर सामन्याला वसूल होते. शिवाय आज ज्या मुलानें तंबूंत रात्री काढल्या, तोच वीस वर्षांनीं देणगीदार होऊन वरच्या आसनावर येतो आणि खालच्या बाकांकडे पाहून समाधान पावतो, हा लाभ निराळाच.