एका जुन्या गिटारचा कुलवृत्तांत

आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं कपाटाच्या वरच्या फळीवर एक जाडजूड कुलवृत्तांत ठेवलेला असतो. मूळपुरुष कोण, तो कोठून आला, कोणती शाखा कोणत्या गांवीं गेली, याचा शोध घेण्यांत आपल्या मंडळींस मोठा रस असतो. माणसांचा असा वृत्तांत लिहितां येतो, तर एखाद्या वाद्याचा कां लिहूं नये, असा विचार गेल्या हिवाळ्यांत अमेरिकेंत पुतण्याच्या घरीं राहिलों असतां माझ्या मनांत आला. त्याची हकीकत वाचकांपुढें ठेवीत आहें.

पुतण्या उत्तर कॅरोलायनांत नोकरीस असतो. एके दिवशीं त्यानें एक लांबट काळी पेटी कष्टानें घरांत ओढून आणली. आंतून निघालें तें चार पायांवर उभें राहणारें, वर दहा तारा व खालीं तीन पेडलें असलेलें एक यंत्र! आमच्या सौभाग्यवतींनीं तें पाहून विचारलें, "अरे, इस्त्रीचें टेबल होतें कीं घरांत, आणखी एक कशाला?" तो हंसून म्हणाला, "काकू, ही गिटार आहे." या उत्तरानें आम्हां दोघांचेंही समाधान झालें नाहीं.

वाद्याचें नांव पेडल स्टील गिटार. विकणाऱ्यानें सांगितलें होतें कीं, हें वाद्य १९६३ सालचें असून नॅशव्हिल येथील एका विख्यात वादकाच्या हातचें आहे. त्या नांवापायीं पुतण्यानें दुप्पट किंमत मोजली होती. घरांत लहान मूल, सून नुकतीच नोकरी सोडून बसलेली. तेव्हां तो दुप्पट आंकडा तिला कळल्यावर दोन दिवस त्या घरांत जी शांतता नांदली, ती कोणत्याही वाद्यानें भंग पावण्यासारखी नव्हती. तिसऱ्या दिवशीं सूनबाई एवढेंच म्हणाली, "तें नांव खरें आहे का, एवढें तरी पाहा." शोधास आरंभ झाला तो असा.

या घराण्याचा मूळपुरुष हवाई बेटांत सांपडतो. ओआहू बेटावरील लाइए गांवीं १८७४ सालीं जन्मलेला जोसेफ केकुकु हा होनोलुलूच्या कामेहामेहा शाळेचा विद्यार्थी. १८८९ च्या सुमारास त्यानें गिटार मांडीवर आडवी घेऊन, तारा बोटांनीं दाबण्याऐवजीं त्यांवरून पोलादाचा तुकडा सरकविण्याची रीत काढली. रेल्वेच्या रुळांवरून चालतांना सांपडलेला लोखंडी खिळा तारांस लागून हा नाद प्रथम उमटला, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकांना असा एखादा खिळा लागतोच! हिंदुस्थानांत जन्मलेल्या गॅब्रिएल डेव्हिऑन नांवाच्या इसमानें त्यापूर्वींच तेथें असें वाजविलें होतें, असेंही कांहीं जण सांगतात. तें कसेंही असो. ज्यांनीं विचित्रवीणेवर कांचेच्या गोळ्यानें घेतलेली मींड ऐकली आहे, त्यांस हा प्रकार परका वाटूं नये.

१९१५ च्या सॅन फ्रान्सिस्को येथील प्रदर्शनांत हवाई वादकांनीं अमेरिकेस वेड लावलें. १९३२ मध्यें रिकनबॅकर मंडळींनीं अल्युमिनियमची, विजेवर वाजणारी स्टील गिटार विक्रीस आणली. वाटोळें अंग व लांब दांडा यांमुळें लोक तिला तळण्याचा तवा म्हणूं लागले. ही लाट आपल्या देशांतही पोहोंचली. ताऊ मो हा हवाईयन वादक १९४० नंतरचीं कांहीं वर्षें सहकुटुंब कलकत्त्यास होता. पुढें व्हॅन शिप्ले यांनीं सिनेमाचीं गाणीं या आडव्या गिटारवर वाजविलीं व त्यांच्या तबकड्या घरोघर गेल्या. ब्रिजभूषण काब्रांनीं तिला रागसंगीतांत आणलें, आणि १९९४ सालीं विश्वमोहन भट्टांस ग्रॅमी पारितोषिक मिळालें. आमच्या पिढीनें लग्नाच्या मांडवांत ध्वनिक्षेपकावरून जो लाडिक, घसरता नाद ऐकला, तो हाच.

परंतु आडव्या गिटारची एक अडचण होती. पोलादाची कांडी सरकविली कीं तिच्याखालच्या सर्व तारा एकदमच वर वा खालीं जातात. एक स्वर हालवावा व दुसरा स्थिर ठेवावा, हें फार कठीण. त्यावर पेडलांचा तोडगा निघाला. कॅलिफोर्नियांतील पॉल बिग्स्बी या कारागिरानें १९४८ सालीं स्पीडी वेस्ट या वादकासाठीं असें वाद्य घडविलें. खरी किमया मात्र बड आयझॅक्स यानें केली. तोंपर्यंत पेडलाचा उपयोग बहुधा दोन स्वरसमूहांच्या मधल्या अवकाशांत जुळणी बदलण्यापुरता होई. वेब पिअर्स या गायकाच्या, १९५३ अखेर मुद्रित होऊन १९५४ मध्यें गाजलेल्या एका गीतांत, आयझॅक्सनें तारा निनादत असतांनाच पेडल दाबलें, व ऐकणाऱ्यांस एका स्वराच्या कुशींतून दुसरा उगवल्याचा भास झाला. त्यानंतर अमेरिकेंतील स्टील गिटारवाले आपापल्या वाद्यांना पेडलें लावण्याच्या मागें लागले.

ही युक्ति आपल्या सरगमांत सांगितल्यास सुलभ होईल. तारा सा, ग, प अशा मिळविलेल्या आहेत असें समजा. एक पेडल दाबतांच प चा ध होतो; दुसरें दाबतांच ग चा म होतो; सा मात्र जागचा हालत नाहीं. दोन्हीं मिळून दाबल्यास सा-ग-प चें सा-म-ध होतें, आणि तेंही मींडीनें. पेडलाखालून एक उभी सळई वर जाते, ती एक दांडा फिरविते, दांडा आडवी सळई ओढतो, आणि सळईच्या टोकाची जीभ तार ताणते. पाय काढतांच स्प्रिंग सर्व पूर्ववत् करते. पायपेटीच्या भात्याखेरीज पायाला संगीतांत कांहीं काम असतें, हें मला या वयांत कळलें.

आतां पुतण्याच्या वाद्याकडे वळूं. त्यावर शो-बड हें नांव होतें, व पट्टीवरील खुणांच्या जागीं पत्त्यांतील बदाम, इस्पिक, किलवर, चौकट जडविलेले होते. शॉट जॅक्सन व बडी एमन्स या नॅशव्हिलच्या दोन वादकांच्या नांवांचे तुकडे जोडून हें नांव झालें. एमन्स १९६३ च्या सुमारास तेथून निघाला व त्यानें स्वतःच्या नांवाचीं वाद्यें काढलीं. विकणाऱ्यानें १९६३ हें साल कां निवडलें असावें, तें यावरून ध्यानांत येईल.

आम्ही वाद्य उलटें करून सतरंजीवर ठेवलें. स्वरच्छटेच्या बटणाखालच्या विजेच्या लहानशा डबीवर १३७७४१८ असे आंकडे छापलेले होते. अमेरिकन कारखान्यांच्या रीतीप्रमाणें पहिले तीन आंकडे करणाऱ्याचे, पुढील दोन सालाचे व शेवटचे दोन आठवड्याचे. म्हणजे ही डबी १९७४ सालच्या अठराव्या आठवड्यांतील. डबी मागाहून बदललेली असूं शकते, हें खरें. पण डाग देण्याचें काम सर्वत्र एकाच हातचें, एकाच वयाचें व धुळीनें सारखेंच माखलेलें दिसत होतें. अकरा वर्षें एका क्षणांत गळालीं. सूनबाई कांहीं बोलली नाहीं. तिनें चहा केला.

दुसरा पुरावा पेडलांचा. एमन्सच्या पद्धतींत प चा ध करणारें पेडल सर्वांत डावीकडे असतें. जिमी डे या वादकाच्या पद्धतींत हा क्रम अगदीं उलटा. विख्यात वादकाच्या छायाचित्रांतून व मुलाखतींवरून तो एमन्सच्या पद्धतीचा, हें पुतण्यास ठाऊक होतें. येथें मांडणी डे याची. शिवाय उजवीकडील दोन पेडलें झिजून गुळगुळीत झालेलीं, तर डावीकडचें तिसरें नव्यासारखें लखलखीत. त्याची उभी सळईच नव्हती. पेटीच्या कप्प्यांत एक घडीचा कागद मिळाला. त्यावर पेन्सिलीनें दहा तारांचे स्वर, व खालीं रविवारच्या प्रार्थनागीतांचे क्रमांक लिहिलेले होते, एकाखालीं एक, कित्येक आठवड्यांचे. नॅशव्हिलच्या मैफलींतील माणूस असा हिशोब कशास ठेवील?

गुडघ्यानें ढकलावयाच्या पट्टीवर एक जोड दिलेला होता. तो पाहून दोन तासांच्या अंतरावरील एका वृद्ध दुरुस्तीकारानें, "हें काम माझेंच," असें सांगितलें. वाद्य लांकडी सामानाच्या कारखान्यांतील एका कामगाराचें होतें. तो तीस वर्षें आपल्या गांवच्या चर्चमध्यें तें वाजवीत असे. त्याच्या पश्चात् मुलीनें तें घरांतील सामानाबरोबर किरकोळ भावानें विकलें होतें. दुरुस्तीकारानें तिला आमच्यादेखत फोन केला.

पुढच्या शनिवारीं ती आली. साठीच्या घरांतली बाई. बरोबर स्वतः केलेला केक व वर्तमानपत्रांत गुंडाळलेली एक सळई. वडिलांचा जाड बूट चुकून त्या तिसऱ्या पेडलावर पडे व भर प्रार्थनेंत भलताच स्वर निघे, म्हणून त्यांनीं ती सळई काढून टाकली होती. आईनें ती स्वयंपाकघराच्या खिडकीला टेकू म्हणून लावली, व पुढें कित्येक उन्हाळे ती तेथेंच राहिली. विख्यात वादकाचें नांव ऐकून बाईंस प्रथम हंसूं आलें, मग त्या जराशा गप्प झाल्या. "ते त्यांना एकदां भेटले होते," त्या म्हणाल्या, "दारांतून."

विकणाऱ्यास पुतण्यानें पुराव्यांसह पत्र धाडलें. जादा घेतलेल्या रकमेपैकीं निम्मी परत आली. उरलेल्या निम्मीचा विषय सूनबाईनें पुन्हां काढला नाहीं.

सळई पेडलाच्या आंकड्यांत बसविली. लांबी तंतोतंत जुळली. पुतण्यानें तार छेडून पेडल दाबलें. सा चा रे झाला, प चा ध. बाई म्हणाल्या, हा स्वर या वाद्यांतून त्यांनीं कधीं ऐकला नव्हता. मग त्यांनीं तें आणखी एकदां वाजवावयास सांगितलें. निघतांना पुतण्यानें पेन्सिलीनें लिहिलेला तो कागद त्यांच्या हातीं दिला व नक्कल आपल्यापाशीं ठेवली. आमच्या सौभाग्यवतींनीं त्यांच्या केकच्या रिकाम्या डब्यांत बेसनाचे लाडू भरून दिले.