राणीचा डबा आणि थर्ड क्लासचा डबा

वाचकहो, एखादे वस्तुसंग्रहालय बंद पडले तर आतल्या वस्तूंचे काय होते? नाणी, तसबिरी खोक्यात भरून नेता येतात. पण आगगाडीचा अख्खा डबा कुठे ठेवायचा? आणि त्याहून मोठा प्रश्न, कोणाचा डबा ठेवायचा?

लंडनमध्ये क्लॅपहॅम येथे एका जुन्या बस डेपोत वाहतुकीचे मोठे संग्रहालय होते. १९६१ साली त्याचा काही भाग सुरू झाला, १९६३ पासून मोठी इंजिने व डबेही लोकांना पाहता येऊ लागले. १९७३ साली ते बंद झाले. पुढे त्या जागेवर किराणा मालाचे मोठे दुकान उभे राहिले. रेल्वेचा संग्रह उत्तरेकडे यॉर्क शहरी गेला. तिथे जुन्या इंजिन शेडमध्ये १९७५ साली राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय उघडले. राणी ॲडलेडचा १८४२ चा डबा व राणी व्हिक्टोरियाचा १८६९ चा रेशमी गाद्यांचा डबा तिथे सुखरूप पोहोचले. राजघराण्याच्या डब्याला छप्पर मिळतेच. आपल्याकडे दिल्लीच्या संग्रहालयात तरी काय आहे? प्रिन्स ऑफ वेल्सचा १८७५ चा डबा, म्हैसूरच्या महाराजांचा १८९९ चा डबा!

मग कष्टकऱ्यांचा डबा कुठे गेला? तो कसा होता ते आधी सांगितले पाहिजे. सुरुवातीला इंग्लंडमध्ये तिसऱ्या वर्गाला पुष्कळदा वर छप्परच नसे. २४ डिसेंबर १८४१ रोजी लंडनहून ब्रिस्टलकडे निघालेली गाडी सॉनिंगच्या खोदाईत कोसळलेल्या मातीवर आदळली. तिसऱ्या वर्गाचे उघडे डबे इंजिन आणि मालाच्या वाघिणींच्या मधोमध जोडले होते, बाजूच्या फळ्या जेमतेम दोन फुटी. माणसे बाहेर फेकली गेली. आठजण जागीच मेले, एक नंतर दवाखान्यात. त्यांत पार्लमेंटची नवी इमारत बांधणारे पाथरवट होते, नाताळासाठी घरी निघालेले. पार्लमेंटला जाग आली ती त्यानंतर. १८४४ च्या कायद्याने रोज निदान एक गाडी मैलाला एक पेनी दराने सोडणे आणि तिसऱ्या वर्गाला छप्पर व बाक देणे कंपन्यांना भाग पडले.

अशा हजारो डब्यांपैकी संग्रहालयात पोहोचले ते बोटांवर मोजण्याइतके. बाकीचे मोडीत निघाले. चाके आणि खालचा लोखंडी सांगाडा भंगारात विकला की वरची लाकडी पेटी स्वस्तात मिळे. शेतकऱ्यांनी तिचे कोंबड्यांचे खुराडे केले, धान्याची कोठी केली. गरिबांनी त्यात संसार थाटले. शोरहॅमच्या समुद्रकिनाऱ्यावर तर अशा डब्यांच्या घरांची वस्तीच झाली होती. लाकडी डब्याचा खरा शत्रू पाणी. छपराचे कापड फाटले की पाऊस आत मुरतो आणि चौकट कुजते. पण ज्या डब्यात माणसे राहत होती त्यावर कोणी पत्रे टाकले, कोणी डांबर फासले, भिंतींना कागद चिकटवले. म्हणून त्यातले काही टिकले. कोणत्याही सरकारी खात्याने नव्हे, घर नसलेल्या माणसांनी ते जपले, असे आम्हाला वाटते.

विलायतेतील काही स्वयंसेवकांनी पुढे हे ओळखले. आयल ऑफ वाइट बेटावरच्या वाफेच्या रेल्वेने अंगणात घर, खोपटे म्हणून उभ्या असलेल्या पेट्या शोधून काढल्या. चाके तर कधीच भंगारात गेलेली. म्हणून पार्सलच्या जुन्या डब्यांचे सांगाडे कापून लांबीला बेतले व त्यावर पेट्या बसवल्या. कुजलेले लाकूड बदलले, रंगाचे थर खरवडले.

आपल्या रेल्वेतून तिसरा वर्ग १९७४ साली नावाने गेला. आमच्या आईबापांनी गाठोडी घेऊन मुंबई गाठली ती त्याच लाकडी बाकांवर बसून, किंवा बाक न मिळाल्याने दाराशी उभे राहून. आयल ऑफ वाइटच्या त्या पाच मैलांच्या मार्गावर मात्र कधीकाळी कोणाची झोपडी असलेल्या डब्यांत आज पोरेबाळे तिकीट काढून बसतात.