बालाघाटाच्या पायऱ्या आणि पाटोद्याचे पाणी

बालाघाटाच्या रांगेत दिवसभर चालण्यासाठी बीड जिल्ह्यात पाटोदा तालुक्याइतका सोयीचा भाग नाही. सह्याद्रीसारखे सुळके इथे नाहीत. डोंगरांचे माथे सपाट आणि उतारांना पायऱ्या. दख्खनच्या पठारावर सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचले, त्यांच्या या कडा. थराचा वरचा, बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला भाग लवकर झिजून मुरूम होतो; आतला घट्ट काळा पाषाण कडा होऊन उभा राहतो. म्हणून चढणाऱ्याला आधी पाय घसरवणारा मुरमाड उतार लागतो, मग छातीएवढा खडक, मग पुन्हा मुरूम. दोन थरांमध्ये कुठे कुठे विटकरी पट्टा दिसतो. दोन उद्रेकांमधल्या उसंतीत खडक झिजून जी माती झाली, तीच पुढच्या लाव्हाखाली गाडली गेली.

या आडव्या थरांबद्दल १८३०च्या दशकात कर्नल विल्यम साइक्स याने लंडनच्या भूशास्त्रज्ञांपुढे निबंध मांडला. मुंबई सरकारसाठी दख्खनची आकडेवारी गोळा करणारा हा लष्करी अधिकारी मासे, पक्षी, पिके, दगड यांपैकी काहीच सोडत नसे. बीड तेव्हा निजामाच्या मुलखात असल्याने त्याची पाहणी ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यातल्या भागापुरती राहिली. खडक मात्र सरहद्द मानत नाही. भूशास्त्रात आज साइक्सचे नाव क्वचित निघते. पक्षीनिरीक्षकांना तो ठाऊक आहे तो एका चंडोलामुळे. त्याने १८३२ साली वर्णन केलेला हा तांबूस, तुरेवाला पक्षी दख्खनच्या खडकाळ माळांवर राहतो.

माळ संपून झाडी सुरू होते ती नायगावच्या मयूर अभयारण्यात. १९९४ साली घोषित झालेले हे क्षेत्र सुमारे ३० चौरस किलोमीटरचे असून तिथे वनखात्याच्या परवानगीनेच फिरता येते. घनदाट अरण्याची अपेक्षा ठेवू नये. हे पर्जन्यछायेतले काटेरी, पानगळीचे रान आहे: बाभूळ, हिवर, बोर, पळस. उघड्या उतारांवर सीताफळ माजते, कारण त्याच्या कडवट पानांना शेळी तोंड लावत नाही. मूळ अमेरिकेतले हे झाड इथे इतके रुळले, की बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकनही मिळाले. मोराचा पिसारा पाहायचा तर पावसाळ्याच्या तोंडावर. पाऊस सरता सरता नर तो गाळून टाकतात. मोराचे अश्रू पिऊन लांडोरीला गर्भ राहतो, ही समजूत शिकलेल्यांच्या तोंडीही अधूनमधून येते. इतर पक्ष्यांप्रमाणेच मोरांचाही समागम होतो.

खरी गंमत पाण्याची आहे. सौताड्याला विंचरणा नदी कड्यावरून रामेश्वराच्या दरीत उडी घेते. खालचा मऊ थर पाणी पोखरते, वरचा पाषाण टिकतो, त्यामुळे कडा सरळसोट राहतो. हिरव्यागार छायाचित्रांवर विसंबून मे महिन्यात जाणाऱ्याला मात्र कोरडा दगड दिसतो. या पाषाणात पाणी साठते ते भेगांत आणि झिजलेल्या वरच्या भागात. तो साठा थोडा, आणि पाऊस थांबला की लवकर संपतो.

विंचरणेचे पाणी सीना, भीमा असे करत कृष्णेला मिळते. याच तालुक्याच्या डोंगरांत उगवणारी सिंदफणा मात्र गोदावरीची. म्हणजे पाटोद्याच्या माथ्यावर पडलेली सर वाऱ्याच्या एका झोताने कृष्णेची की गोदावरीची, हे ठरू शकते. पुढे दोन्ही पाणी बंगालच्या उपसागरातच जाते, पण वेगवेगळ्या मुखांनी. त्याहून चक्रावणारी मांजरा. तीही इथलीच आणि तीही गोदावरीचीच. सिंदफणा माजलगाव तालुक्यात मंजरथला गोदावरी गाठते. मांजरा आग्नेयेला लातूर, बीदर, मेदकपर्यंत उतरते, तिथून उत्तरेकडे वळते आणि सातशेहून अधिक किलोमीटर वाहून तेलंगणात कंदकुर्तीला त्याच गोदावरीत शिरते.