जुना संगणक, नवी ‘विंडोज’ : घाई नको, दिरंगाईही नको

बंगळुरूच्या जयनगरातील एखादे मराठी घर डोळ्यांसमोर आणा. सोलापूरची नोकरी संपवून आजी-आजोबा मुलाकडे कायमचे राहायला आले, तेव्हा सामानात देवघराच्या जोडीने आजोबांचा संगणकही आला. २०१६ साली हौसेने घेतलेला. त्यावर आजोबा बँकेतले पेन्शन पाहतात, मुदतठेवींची नोंद ठेवतात आणि रोज दुपारी घराण्याचा कुलवृत्तांत लिहितात. २०२५ च्या ऑक्टोबर महिन्यात याच संगणकाच्या पडद्यावर सूचना झळकू लागली : ‘विंडोज १०’ची मुदत संपत आहे.

“बाबा, आता हा मोडीत काढू या. मी तुम्हाला नवा लॅपटॉप आणून देतो,” सॉफ्टवेअर कंपनीत काम करणारा मुलगा म्हणाला.

“अरे, पण चालतोय की व्यवस्थित! चालत्या वस्तूला मोडीत कशाला काढायचे?” आजोबांचा सवाल.

“अहो, आणि त्यातल्या कुलवृत्तांताचे काय?” स्वयंपाकघरातून आजींनी विचारले.

तिघांचेही बोलणे आपापल्या जागी खरे आहे. संगणकनगरी म्हणून जगभर नाव मिळवलेल्या या शहरातल्या घरांनाही हा प्रश्न चुकलेला नाही. त्याचे उत्तर मात्र सर्वांना एकच असू शकत नाही.

मुदत संपली ती कशाची?

ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे संगणकाचा कारभारी. कळफलकावर दाबलेले अक्षर पडद्यावर उमटवणे, फाइली जागच्या जागी ठेवणे, छपाईयंत्राला हुकूम देणे ही सारी कामे तोच पाहतो. ‘विंडोज १०’ हा कारभारी २९ जुलै २०१५ रोजी कामावर रुजू झाला आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने त्याला दिले जाणारे मोफत साहाय्य थांबवले.

याचा अर्थ दुसऱ्या दिवशी संगणक बंद पडला, असा नव्हे. बंद झाल्या त्या दरमहा येणाऱ्या सुरक्षा-दुरुस्त्या. घराच्या कुलपाची बनावट किल्ली चोरांनी तयार केली, तर नवे कुलूप बसवायला आता कोणी येणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. पण हे ‘एवढेच’ फार महाग पडू शकते. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाच्या घातक प्रोग्रामने सुमारे दीडशे देशांतील संगणकांच्या फाइली कुलूपबंद करून खंडणी मागितली. ब्रिटनमधील रुग्णालयांचे कामकाजही त्यामुळे कोलमडले. त्या हल्ल्याला रोखणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी ती बसवली नव्हती, किंवा ज्यांच्या जुन्या प्रणालीला ती मिळालीच नव्हती, ते सापडले.

असा निरोपसमारंभ पहिलाच नाही. ‘विंडोज एक्सपी’ची मुदत ८ एप्रिल २०१४ रोजी आणि ‘विंडोज ७’ची १४ जानेवारी २०२० रोजी संपली होती. मात्र या खेपेला एक मोठा फरक आहे. मनात असूनही अनेकांना पुढच्या पायरीवर चढता येत नाही.

पत्रिका जुळते का?

‘विंडोज ११’ ५ ऑक्टोबर २०२१ रोजी आली. पात्र संगणकावरील ‘विंडोज १०’वरून तिच्याकडे जाण्यासाठी पैसे पडत नाहीत. पण तिच्या अटी कडक आहेत. किमान ४ जीबी मेमरी आणि ६४ जीबी साठवण बहुतेकांकडे असते. घोडे अडते ते दोन ठिकाणी. पहिली अट प्रोसेसरची. इंटेलचा असल्यास तो साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा हवा, म्हणजे ढोबळमानाने २०१८ नंतर घेतलेला संगणक. दुसरी अट ‘टीपीएम २.०’ची. गुप्त किल्ल्या सांभाळणारी ही एक सुरक्षा-व्यवस्था संगणकाच्या आतच असते.

हे तपासण्यासाठी मायक्रोसॉफ्टचा ‘पीसी हेल्थ चेक’ हा मोफत प्रोग्राम आहे. त्याने ‘टीपीएम नाही’ असे सांगितले, तरी लगेच निराश होऊ नये. पुष्कळदा ती व्यवस्था संगणकात असते, केवळ बंद ठेवलेली असते. जाणकाराकडून ती सुरू करून घेता येते. प्रोसेसरच जुना असेल, तर मात्र पत्रिका जुळत नाही. २०१६ च्या संगणकाचे नेमके हेच झाले. काही जण आडवाटेने ‘विंडोज ११’ बसवून देतात, पण अशा संगणकाला पुढच्या दुरुस्त्या मिळतीलच, याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही.

एस. पी. रोडची फेरी

बंगळुरूत संगणकाचे काही दुखले-खुपले की लोकांची पावले टाऊन हॉलजवळच्या सदर पत्रप्पा रोडकडे, म्हणजेच एस. पी. रोडकडे वळतात. दाटीवाटीच्या दुकानांत मेमरीपासून केबलपर्यंत सारे काही मिळते. जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवली आणि मेमरी वाढवली, तर दहा वर्षांचा संगणकही तरतरीत होतो. परंतु वेग आणि सुरक्षितता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एसएसडीमुळे संगणक पळेल, मात्र ‘विंडोज ११’साठी पात्र ठरणार नाही. खर्च करण्यापूर्वी आपल्याला यांतले काय हवे आहे, हे ठरवलेले बरे.

मराठी मजकूर जपा

आजींचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा होता. एका दशकापूर्वीचाच नव्हे, तर त्याहूनही जुना मराठी मजकूर अनेक घरांत पडून असतो. युनिकोड सर्रास वापरात येण्यापूर्वी प्रत्येक मराठी फाँटची अक्षरयोजना निराळी असे. तो फाँट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली, की ‘आजोबा’ऐवजी निरर्थक इंग्रजी चिन्हे दिसतात. शिवाय ‘विंडोज ११’ फक्त ६४-बिट स्वरूपात मिळते. त्यामुळे नव्वदच्या दशकातले १६-बिटचे प्रोग्राम तिच्यावर चालत नाहीत. जुने छपाईयंत्रही कधी कधी असहकार पुकारते.

म्हणून बदलाआधी तीन कामे करावीत. सर्व फाइलींच्या दोन प्रती वेगवेगळ्या डिस्कवर घ्याव्यात. जुने फाँट त्यांच्यासोबत साठवावेत. आणि महत्त्वाचा मजकूर रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामच्या मदतीने युनिकोडमध्ये आणून जोडाक्षरे डोळ्यांखालून घालावीत. पुढच्या टायपिंगची चिंता नको. ‘विंडोज’मध्ये इनस्क्रिप्टबरोबरच उच्चारानुसार मराठी लिहिण्याचा कळफलकही आहे.

मधल्या वाटा

पत्रिका न जुळणाऱ्यांसाठी मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा-दुरुस्त्या देण्याची योजना जाहीर केली. ३० डॉलर भरून, हजार रिवॉर्ड गुण देऊन किंवा संगणकाच्या मांडणीची प्रत मायक्रोसॉफ्ट खात्यात ठेवून तिच्यात नाव नोंदवता येई. ही सवलत कायमची नव्हे, विचाराला मिळालेली सवड आहे.

दुसरी वाट लिनक्सची. २००१ ते २०१२ या काळात बंगळुरूत तिच्या चाहत्यांचे मोठे मेळावे भरत. ते ‘लिनक्स बंगलोर’ आणि पुढे ‘फॉस डॉट इन’ या नावांनी ओळखले गेले. ‘लिनक्स मिंट’ किंवा ‘उबुंटू’ फुकट मिळते, जुन्या यंत्रावर चालते आणि मराठीही दाखवते. पेन ड्राइव्हवरून चालवून आधी चव घेता येते. मात्र ‘विंडोज’चे प्रोग्राम तिच्यावर तसेच्या तसे चालत नाहीत. घरात कोणी मदतीला असेल, तरच या वाटेने जावे.

तिसरी वाट नव्या संगणकाची. ती धरल्यास जुना संगणक भंगारवाल्याला देऊ नये. डिस्क पूर्ण पुसून तो अधिकृत ई-कचरा केंद्रात द्यावा. अशा कचऱ्यावर शास्त्रीय प्रक्रिया करणाऱ्या भारतातील सुरुवातीच्या कंपन्यांपैकी ई-परिसरा ही बंगळुरूजवळच्या दाबसपेटचीच.

प्रश्न कामाचा

निर्णय घेताना ‘नवे काय आले?’ यापेक्षा ‘या संगणकावर आपण काय करतो?’ हे आधी विचारावे. ज्यावरून बँकेचे व्यवहार होतात, तो संगणक दुरुस्त्यांविना इंटरनेटला जोडणे म्हणजे आयुष्यभराची पुंजी उघड्यावर ठेवणे. केवळ लिहिण्यासाठी असलेला संगणक मात्र इंटरनेटपासून तोडून खुशाल वापरावा. आणि फसवणूक झालीच, तर क्षणाचाही विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर कळवावे.

जयनगरच्या घरातही अखेर असाच तोडगा निघाला. वाढीव दुरुस्त्यांसाठी मुलाने नाव नोंदवले. सूनबाईंनी कुलवृत्तांताच्या दोन प्रती काढल्या. मिळालेल्या सवडीत सारा मजकूर युनिकोडमध्ये आणायचा, त्यानंतर पेन्शनचे व्यवहार नव्या लॅपटॉपवर करायचे आणि जुन्या संगणकाची इंटरनेटची तार काढून टाकायची, असे ठरले. तोवर आजोबा दुपारी लिहीत बसतात आणि आजी शेजारी खुर्ची ओढून जोडाक्षरे तपासतात.