एरी सरोवर आणि शेतातून झिरपणारे स्फुरद

पिकांना लागणाऱ्या नत्र, स्फुरद आणि पालाश या तीन मुख्य अन्नद्रव्यांपैकी स्फुरद, म्हणजेच फॉस्फरस, गोड्या पाण्यात मुळातच इतके तुटपुंजे असते की बहुतेक सरोवरांत शैवालाची वाढ त्याच्याच टंचाईमुळे आटोक्यात राहते. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात डेव्हिड शिंडलर यांनी १९७३ मध्ये एका लहान सरोवराचे पडद्याने दोन भाग केले आणि दोन्हींत कर्ब व नत्र, पण एकातच स्फुरद मिसळले. तेवढाच भाग हिरवागार झाला.

एरी हे उत्तर अमेरिकेतील पाच महासरोवरांपैकी सर्वांत उथळ असल्याने त्याला या अन्नद्रव्याचा अतिरेक लवकर बाधतो. १९७२ च्या अमेरिका–कॅनडा करारानंतर सांडपाण्याचे शुद्धीकरण वाढले, धुण्याच्या पावडरीतील फॉस्फेटवर मर्यादा आल्या आणि सरोवर बरेच सावरले. हे यश त्या मानाने सोपे होते, कारण सांडपाण्याच्या नळाला मालक असतो आणि त्याच्या तोंडाशी मोजमापही करता येते.

१९९० च्या दशकाच्या मध्यापासून मात्र शैवाल परतू लागले आणि ऑगस्ट २०१४ मध्ये एरीच्या काठावरील, ओहायो राज्यातील टोलेडो शहर व परिसरातील चार लाखांहून अधिक लोकांना नळाचे पाणी पिण्यास मनाई करावी लागली, कारण त्यात नील-हरित शैवालाचे मायक्रोसिस्टिन हे यकृताला घातक विष आढळले होते, जे उकळूनही नष्ट होत नाही. या वेळी स्फुरद येत होते ते मुख्यतः एरीला मिळणाऱ्या मॉमी नदीच्या खोऱ्यातील हजारो शेतांतून. अशा विखुरलेल्या प्रदूषणात प्रत्येक शेतातून वाहून जाणारा अंश इतका किरकोळ असतो की शेतकऱ्याच्या जमाखर्चात तो दिसतही नाही. शैवालाला मात्र लिटरमागे मिलिग्रॅमचे काही शतांश भागही पुरतात.

धूप थांबवण्यासाठी या खोऱ्यात विनानांगरट शेतीचा प्रसार झाला, आणि तो योग्यच होता. परंतु फोकून दिलेले खत मातीत न मिसळता वरच्या थरात साचू लागले आणि पावसात विरघळून, जमिनीतील भेगांवाटे, निचऱ्यासाठी पुरलेल्या नळ्यांतून थेट ओढ्यांत पोहोचू लागले. काठावरचे गवताचे पट्टे गाळाला चिकटलेले स्फुरद अडवतात, पण त्यांच्या खालून नळीतून जाणाऱ्या विद्राव्य स्फुरदापुढे ते हतबल ठरतात. म्हणूनच उपाय शेतातच करावा लागतो: माती परीक्षणानुसार मात्रा ठरवणे, खत बियाण्यालगत पेरून देणे आणि मोठ्या पावसाच्या तोंडावर ते न टाकणे. गोठलेल्या किंवा पाणी साचलेल्या जमिनीवर खत टाकण्यास ओहायो राज्याने २०१५ मध्ये कायद्यानेच निर्बंध घातले.

२००८ च्या तुलनेत स्फुरद ४० टक्क्यांनी घटवण्याचे उद्दिष्ट दोन्ही देशांनी २०१६ मध्ये स्वीकारले. तथापि अनेक वर्षांच्या खतांचा साठा मातीत शिल्लक असल्याने शेतकऱ्याने आज हात आखडता घेतला तरी नदीत फरक दिसायला बराच काळ जातो, आणि एखाद्या वर्षीच्या अतिवृष्टीने सारा हिशेब उलटू शकतो. हे ओळखून उद्दिष्टातही दहापैकी नऊ वर्षांत ते साधावे, अशीच अपेक्षा ठेवली आहे.