छपरावरचा बर्फ

जपानमध्ये तोकामाची नावाचे एक लहानसे शहर आहे. जपानी भाषेत ‘तोका’ म्हणजे दहावा दिवस आणि ‘माची’ म्हणजे गाव किंवा पेठ. फार पूर्वी या ठिकाणी दहाव्या दिवसाचा बाजार भरत असे, त्यावरून हे नाव पडले असे सांगतात. आपल्याकडे पुण्यात बुधवार पेठ, शनिवार पेठ आहे, तसाच हा प्रकार.

हे शहर निगाता प्रांतात, डोंगरांच्या मधल्या खोऱ्यात वसलेले आहे. खोऱ्यातून शिनानो नदी वाहते. तिची लांबी ३६७ किलोमीटर असून ती जपानमधील सर्वांत लांब नदी आहे. नदीच्या दोन्ही बाजूंना पायऱ्यांसारखी सपाट जमीन आहे. तिच्यावर घरे, भाताची शेते आणि विणकरांचे कारखाने आहेत. त्यामागे टेकड्या आणि त्यामागे उंच डोंगर.

या शहराची खरी ओळख म्हणजे तेथील बर्फ. बर्फ म्हटला की आपल्याला हिमालय आठवतो. उंच ठिकाणी थंडी जास्त आणि थंडी जास्त म्हणून बर्फ जास्त, असे आपण समजतो. पण तोकामाची समुद्रसपाटीपासून जेमतेम दोनशे मीटर उंचीवर आहे. पुणे शहरही याच्या दुपटीहून अधिक उंचीवर आहे! थंडी म्हणावी, तर जानेवारीत तापमान शून्य अंशाच्या आसपास असते. जगात याहून कितीतरी थंड शहरे आहेत. तरीही बहुतेक हिवाळ्यांत येथे दोन मीटरांच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक बर्फ साचतो. म्हणजे घराच्या दाराएवढा!

याचे कारण समुद्रात आहे. हिवाळ्यात सायबेरियातून अतिशय थंड आणि कोरडे वारे जपानकडे येतात. वाटेत त्यांना जपानचा समुद्र ओलांडावा लागतो. या समुद्रात दक्षिणेकडून उबदार पाण्याचा एक प्रवाह येतो, त्याला त्सुशिमा प्रवाह म्हणतात. त्यामुळे समुद्राचे पाणी वाऱ्याच्या मानाने पुष्कळ गरम असते. त्याची वाफ होते आणि कोरडा वारा ती भरपूर शोषून घेतो. असे ओलावलेले वारे निगाताच्या डोंगरांना अडतात. ते वर चढतात, वर गेल्यावर अधिक थंड होतात आणि सगळा ओलावा बर्फाच्या रूपाने खाली टाकतात. अरबी समुद्रावरून येणारे पावसाळी वारे सह्याद्रीला अडून कोकणात कसे कोसळतात, ते तुम्ही भूगोलात शिकला आहात. तीच ही गोष्ट, फक्त येथे पावसाच्या जागी बर्फ आहे. डोंगरापलीकडे टोकियो शहर आहे. तोकामाचीत बर्फ पडत असतो, तेव्हा टोकियोत बहुधा निळे आकाश आणि स्वच्छ ऊन असते.

तोकामाचीतून एक लहान रेल्वेमार्ग जातो, त्याचे नाव ईयामा मार्ग. त्याच मार्गावर शेजारच्या प्रांतात मोरिमियानोहारा नावाचे स्टेशन आहे. १२ फेब्रुवारी १९४५ रोजी तेथे ७ मीटर ८५ सेंटिमीटर बर्फ मोजला गेला. तेवढ्या उंचीचा एक खांब तेथे उभा केलेला आहे. दुमजली घर त्यात बुडून जाईल.

आता वाचताना हे सारे सुंदर वाटते. पण ज्याच्या डोक्यावर हे छप्पर आहे, त्याला काय वाटत असेल? थोडा हिशेब करून पाहा. एका घराचे छप्पर १० मीटर लांब आणि ८ मीटर रुंद आहे. त्यावर १ मीटर जाडीचा बर्फ साचला, तर तो ८० घनमीटर झाला. येथील बर्फ ओला आणि जड असतो. दबून बसलेल्या बर्फाच्या एका घनमीटराचे वजन ३०० किलो तरी भरते. म्हणजे छपरावर २४,००० किलो ओझे आले! घर मोडू द्यायचे नसेल, तर कुणीतरी वर चढून हा बर्फ खाली टाकला पाहिजे. एकदा टाकून भागत नाही. हिवाळ्यात हे काम पुन्हा पुन्हा करावे लागते. जपानमध्ये इतर ठिकाणी या कामाला ‘बर्फ उतरवणे’ म्हणतात, या भागातले लोक मात्र त्याला ‘बर्फ खणणे’ म्हणतात. त्यांचा शब्दच अधिक खरा आहे. जमिनीवरचा ढीग छपरापर्यंत पोचला, की मग उतरवणार कुठे?

हे काम धोक्याचे आहे. छपरावरून पाय घसरतो किंवा वरून बर्फाचा कडा अंगावर येतो. दर हिवाळ्यात जपानमध्ये अशा अपघातांत अनेक माणसे दगावतात आणि त्यांत म्हाताऱ्यांची संख्या मोठी असते. म्हाताऱ्या माणसांनी छपरावर का चढावे, असे तुम्ही विचाराल. घरात तरुण उरलेले नाहीत, हे त्याचे उत्तर आहे. पूर्वी शेतीचे काम संपले की या भागातील पुरुष हिवाळ्यापुरते टोकियोकडे मजुरीला जात आणि वसंत ऋतूत परत येत. पुढे तरुण मुले शिक्षणासाठी व नोकरीसाठी गेली, ती तिकडेच राहिली. २००५ साली आसपासची चार गावे तोकामाचीला जोडली गेली. तेव्हा शहराची लोकसंख्या ६० हजारांच्या वर होती. २०२० च्या जनगणनेत ती ५० हजारांच्याही खाली आली. बर्फ मात्र कमी माणसे पाहून कमी पडत नाही.

बर्फाशी झगडण्यासाठी लोकांनी नाना युक्त्या काढल्या. काही घरांचा खालचा मजला काँक्रीटचा असतो. तेथे मोटारगाडी ठेवतात आणि माणसे वरच्या मजल्यावर राहतात. रस्त्याच्या कडेने वाहत्या पाण्याची गटारे असतात. घरासमोरचा बर्फ त्यांत लोटला की पाणी तो वाहून नेते. एक युक्ती जवळच्या नागाओका शहरात १९६० च्या सुमारास निघाली. रस्त्याच्या मधोमध नळ पुरून त्यातून जमिनीखालचे पाणी फवारायचे. हे पाणी भर हिवाळ्यातही बारा-तेरा अंश उबदार असते, म्हणून बर्फ वितळतो. युक्ती उत्तम खरी, पण तिलाही किंमत मोजावी लागली. फार पाणी उपसल्यामुळे निगाता प्रांतात काही ठिकाणी जमीनच खचू लागली.

या भागातील लोकांचे हाल बाहेरच्यांना प्रथम कळले, ते एका पुस्तकामुळे. जवळच्या शिओझावा गावात सुझुकी बोकुशी नावाचा कापडाचा व्यापारी राहत होता. त्याचा जन्म १७७० चा. राजधानीतले लोक चार बोटे बर्फ पडला की आनंद करतात, त्यांना आमचे जिणे काय ठाऊक, असे त्याला वाटे. त्याने बर्फाविषयी, बर्फातल्या माणसांविषयी आणि प्राण्यांविषयी पुष्कळ माहिती व चित्रे जमवली. पण पुस्तक छापायला कुणी तयार होईना. सुमारे ४० वर्षे तो खटपट करीत राहिला. शेवटी १८३७ साली ‘होकुएत्सु सेप्पु’ या नावाने ते प्रसिद्ध झाले आणि लोकांनी ते आवडीने वाचले.

बोकुशी विकत असे ते कापडही बर्फाचेच देणे होते. मालेगाव-भिवंडीच्या मुलांना हे वाचायला आवडेल. हे कापड एका झुडपाच्या सालीतून काढलेल्या बारीक धाग्यांचे असते. कोरड्या हवेत हा धागा तटकन तुटतो. बर्फामुळे हवा दमट राहते, म्हणून बायका हिवाळाभर घरात बसून ते विणत. मग फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात कापड बर्फावर अंथरून ठेवीत. ऊन आणि बर्फ यांमुळे त्याचा रंग उजळतो. ही कला अजून जिवंत आहे आणि २००९ साली युनेस्कोने तिला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. तोकामाची स्वतः रेशमी किमोनोंसाठी प्रसिद्ध झाले. आता रोज किमोनो घालणारे थोडे उरले, त्यामुळे तो धंदाही पूर्वीसारखा राहिलेला नाही.

वसंतात बर्फ वितळतो आणि ओढे-नाले भरून वाहतात. डोंगरउतारावरच्या भातखाचरांना हेच पाणी मिळते. येथला कोशिहिकारी तांदूळ सर्व जपानमध्ये नावाजलेला आहे. शिनानोच्या पाण्यावर वीजही होते आणि तिच्यावर टोकियोच्या रेल्वेगाड्या धावतात. या पाण्यावरून एकदा मोठा वाद झाला. रेल्वे कंपनी परवानगीपेक्षा जास्त पाणी उचलत असल्याचे उघड झाले आणि २००९ साली सरकारने तिचा पाणी घेण्याचा हक्कच काढून घेतला. पुढच्या वर्षी तो परत मिळाला, पण नदीत पूर्वीपेक्षा जास्त पाणी सोडण्याच्या अटीवर.

इतके असूनही हे लोक रडत बसत नाहीत. १९५० सालापासून फेब्रुवारीत येथे हिमोत्सव भरतो. गल्लीगल्लीतले लोक बर्फाच्या मोठमोठ्या मूर्ती करतात. जानेवारीतल्या बाजारात तांदळाच्या पिठाची इवलीशी कुत्री विकायला येतात. वाळल्यावर त्यांना जितक्या भेगा पडतील, तितके सुख घरात येते अशी समजूत आहे. मात्सुनोयामा भागातली रीत तर फारच गमतीची. गावातली मुलगी ज्याने लग्न करून नेली, त्या जावयाला १५ जानेवारी रोजी उचलून उतारावरून खाली बर्फात फेकून देतात! खाली मऊ बर्फ असतो, म्हणून जावईबापू हसत उठतात.

मुले कमी झाली, तशा डोंगरातल्या शाळा बंद पडत गेल्या. अशाच एका बंद शाळेत १९८२ साली तोकिओ हासेगावा या गृहस्थांनी मिथिला संग्रहालय उघडले. बिहारच्या मधुबनीकडील चित्रकार स्त्रिया तेथे जाऊन राहिल्या आणि त्यांनी मोठमोठी चित्रे काढली. आपल्या डहाणू तालुक्यातले वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे हेही तेथे राहून काम करून आले. पुढे २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. गेरूच्या रंगावर तांदळाच्या पांढऱ्या रंगाने नाचणारी माणसे, बैल आणि ताडाची झाडे काढणारा हा चित्रकार. त्याची चित्रे जपानी मुलांच्या जुन्या वर्गांत लागली.