टीव्ही गेला, रस्ता राहिला

वाढत्या कॉलेजांच्या इमारतींवर लिहा, असं संपादक म्हणाले तेव्हा पहिलं नाव सुचलं ते कॅनडातल्या स्कारबरो कॉलेजचं. स्कारबरो हे तेव्हा टोरोंटोच्या पूर्वेकडचं उपनगर. महायुद्धानंतर जन्मलेली पिढी कॉलेजच्या दारात येत होती आणि टोरोंटो विद्यापीठाच्या जुन्या आवारात ती मावणार नव्हती. म्हणून शहराच्या दोन बाजूंना दोन नवी कॉलेजं काढायचं ठरलं. स्कारबरोचं काम तिशीतल्या जॉन अँड्र्यूज या ऑस्ट्रेलियन आर्किटेक्टकडे आलं. संपांमुळे बांधकाम रखडलं, पण १९६६मध्ये इमारत उघडली.

कॉलेजच्या जागेतल्या हायलँड क्रीक या ओढ्याच्या दरीत बांधायचं नाही, वर कड्याच्या काठाने जायचं, हा निर्णय अँड्र्यूज, नगररचनाकार मायकेल ह्यूगो-ब्रंट आणि लँडस्केपचं काम पाहणारे मायकेल हफ यांचा. १९५४च्या हेझल वादळात टोरोंटोतल्या नद्यांनी घातलेला धुमाकूळ लोक विसरले नव्हते. शिवाय दरीतली झाडी वाचली. इमारत कड्याच्या वळणांबरोबर वळत जाते. एकीकडे विज्ञानाची विंग, दुसरीकडे मानव्यविद्यांची, मध्ये ‘मीटिंग प्लेस’ नावाचा उंच चौक. प्रत्येक विभागाला वेगळी इमारत देण्याऐवजी प्रयोगशाळा, वर्ग, प्राध्यापकांच्या खोल्या, खाणंपिणं, सगळं एकाच छपराखाली.

या सगळ्याला जोडतो तो आतला रस्ता. त्याला कॉरिडॉर म्हणणं मला जिवावर येतं. बाहेर हिवाळ्यात पारा शून्याच्या खूप खाली असतो. इथे कोट काढून या टोकापासून त्या टोकापर्यंत जाता येतं. वरून उजेड झिरपतो. वरच्या मजल्यांच्या गॅलऱ्यांतून खालची वर्दळ दिसते. भिंतीवर हात फिरवला की काँक्रीट ओतताना लावलेल्या फळ्यांचे रेषारेषांचे ठसे बोटांना लागतात. रसायनशास्त्राचा विद्यार्थी आणि इतिहासाचा विद्यार्थी रोज एकमेकांसमोरून जातात, ते या रस्त्यामुळे. आपल्याकडे नव्या इमारतीचा नकाशा आला की ‘वाया जाणारी जागा’ म्हणून पहिली कात्री अशाच जागेवर चालते, आणि ते मला फार खुपतं.

मूळ योजनेत मात्र मान होता टीव्हीचा. शिक्षक कमी, विद्यार्थी फार. तेव्हा व्याख्यानं स्टुडिओत चित्रित करायची आणि क्लोज्ड सर्किटवरून एकाच वेळी अनेक वर्गांत दाखवायची. त्यासाठी सुसज्ज स्टुडिओ उभारले, त्या हिशेबाने वर्ग आखले. पडद्याला उजेड नको, म्हणून इमारतीच्या पोटातल्या बंद खोल्याही चालणार होत्या.

हे फार दिवस टिकलं नाही. पडद्यावरच्या शिक्षकाला शंका विचारता येत नाही. विषय पुढे सरकला की चित्रण जुनं होतं, आणि नव्याने करायचं तर पुन्हा खर्च. १९७१मध्ये जॉन ली यांनी या प्रयोगाच्या फसण्यावर ‘टेस्ट पॅटर्न’ हे आख्खं पुस्तक लिहिलं. यंत्रणा बंद करता येते. पण तिच्या हिशेबाने जागेवर ओतलेली काँक्रीटची भिंत सरकवता येत नाही. नवी वायर किंवा पाइप न्यायचा तरी ड्रिल लावावं लागतं. काँक्रीटच्या करड्या रंगाचीही अनेकांना धास्ती वाटे. दिग्दर्शक डेव्हिड क्रोनेनबर्ग यांनी १९६९चा ‘स्टिरिओ’ हा अस्वस्थ करणारा सिनेमा इथेच चित्रित केला.

मला जास्त काळजी वाटते ती वाढीची. गरज पडेल तशी इमारत टोकांकडून लांबवत न्यावी, अशी अँड्र्यूजची कल्पना होती. सुरुवातीला थोडी भर त्याच अंगाने पडली. मग विद्यार्थी हजारोंनी वाढले आणि नव्या इमारती कड्यापासून दूर, सुट्या सुट्या उभ्या राहिल्या. प्रत्येकीला निधी वेगळा, वर्ष वेगळं, आर्किटेक्ट वेगळा. आतला रस्ता लांबवायचा खर्च अशा कुठल्याच एका बजेटात बसत नाही. त्यामुळे जानेवारीत नव्या भागातल्या वर्गातून जुन्या विंगेतल्या वर्गाला जाणारे विद्यार्थी कोट चढवतात आणि बर्फातून चालत येतात.